शिमगा, पहिली पेटी आणि ३१ मार्च : ग्रुपवरच्या मंडळींनी मिळून कामं कशी उरकावी

माघ संपत आला की कोकणाशी नातं असलेल्या ग्रुपवर दोन तऱ्हेचे फोटो यायला लागतात. एक मोहोराचे आणि दुसरे कागदांचे. कुणी गुहागरात असतो, कुणी डोंबिवलीत, कुणी मस्कतला. कित्येकांनी एकमेकांना प्रत्यक्ष पाहिलेलंही नसतं, पण रोजची सकाळ एकाच ठिकाणी होते. अशा मंडळींनी मिळून मार्चची कामं काढली तर प्रत्येकाची गावाकडची एखादी तरी फेरी वाचते. त्यासाठी दोन गोष्टी आधीच ठरवून घ्या. गावात राहणारा माणूस दुसऱ्यांच्या कामाला निघेल तेव्हा पैसे त्याच्या हातात आलेले असावेत, त्याच्या खिशातून एक रुपयाही जाता कामा नये. आणि कामं वाटून घेता येतात, कागद पाठवता येतात, पण पासवर्ड, ओटीपी आणि सही कुणाला उसनी द्यायची नाही.

आधी तारखा

फाल्गुन पौर्णिमा कधी मार्चच्या पहिल्या आठवड्यात येते, कधी २० तारखेनंतर. शिमगा लवकर असेल तर गावाला आलेल्या माणसाला कार्यालयं निवांत सापडतात. उशिरा असेल तर सुट्ट्या आणि वर्षअखेरीची वसुली एकाच आठवड्यात येते. त्या वर्षी कामं शिमग्याच्या आधीच करून घ्यावीत. इतर तारखा ठरलेल्या आहेत : १५ मार्च हा आगाऊ आयकराचा शेवटचा हप्ता, ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं, आणि १ एप्रिलला बँका हिशोबासाठी ग्राहकांना बंद असतात. ३० आणि ३१ मार्च ग्रामपंचायतीच्या कामासाठी मोजूच नका. ग्रामसेवकाकडे बहुधा एकाहून जास्त गावं असतात. तो कोणत्या वारी कुठे बसतो हे फेब्रुवारीतच विचारून ग्रुपच्या माहितीत लिहून ठेवा.

घरपट्टी

गावातला मित्र चार-पाच घरांची पट्टी एका फेरीत भरू शकतो. फक्त त्याला नेमकी माहिती द्यायला हवी. "आमची घरपट्टी भरशील का रे" एवढ्यावर काम होत नाही. प्रत्येकाने तीन गोष्टी पाठवायच्या : मागच्या पावतीचा स्वच्छ फोटो, मिळकत क्रमांक, आणि नमुना ८ वर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या कर आकारणीच्या नोंदीत, जसं आहे तसंच नाव. वाडीत सगळे एकाच आडनावाचे, त्यात आजोबांचं नाव नातवाला ठेवलेलं. नुसत्या नावावर पट्टी भरली की ती चुलत्याच्या घराला लागते. पैसे कुठे जात नाहीत, पण ते वळवून घ्यायला अर्ज करावा लागतो आणि तोवर तुमच्या नावावर थकबाकी दिसत राहते. मिळकत क्रमांक दिला तर हा घोळ होत नाही.

पावती हातात आली की मित्राने कार्यालयाच्या पायरीवरच ती नीट वाचावी. पुस्तक क्रमांक आणि पावती क्रमांक आहे का? वर्ष २०२५-२६ लिहिलंय का? 'मागील', 'चालू' आणि 'एकूण' हे रकाने वेगवेगळे भरलेत का? घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य कर आणि पाणीपट्टी यांच्यापुढे वेगळे आकडे आहेत का, की खाली नुसती बेरीज आहे? सही आणि शिक्का आहे का? सगळ्यात जास्त घोळ 'मागील' या रकान्यात होतो. गेल्या वर्षी भरलेली रक्कम नोंदवहीत चढली नसेल तर ती पुन्हा बाकी म्हणून येते. म्हणून मागच्या पावतीचा फोटो मित्राच्या मोबाईलमध्ये असायला हवा. तो दाखवला तर तिथल्या तिथे दुरुस्ती होते. नंतर फोनवरून समजावत बसायला फार वेळ जातो.

घर बंद असलं तरी पट्टी लागते. पण घराचा भागच उरला नसेल तर गोष्ट वेगळी. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात कुणाची पडवी गेली असेल आणि आकारणी अजून जुन्याच मापाची असेल, तर ती आपोआप कमी होत नाही. फोटो जोडून फेरआकारणीचा लेखी अर्ज द्यावा लागतो आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी लागते.

आणखी एक गोष्ट ग्रुपवर पुन्हा पुन्हा सांगायला हवी. घरपट्टीची पावती किंवा नमुना ८ हा मालकीचा पुरावा नाही. कर कुणाकडून घ्यायचा, याची ती नोंद आहे. नमुना ८ मध्ये मालक आणि भोगवटादार (प्रत्यक्ष घर वापरणारा) असे वेगळे रकाने असतात ते यासाठीच. वर्षानुवर्षं पट्टी भरणाऱ्याला घर आपलं वाटायला लागतं, आणि मुंबईतल्या भावाला न भरल्यामुळे आपला हक्क गेला असं वाटतं. दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि त्यातून घरं तुटतात.

शेतसारा, सातबारा आणि पालखीचा दिवस

शेतसारा तलाठ्याकडे. नमुना ८ ग्रामपंचायतीचा आणि ८अ, म्हणजे जमिनीच्या खात्याचा उतारा, तलाठ्याचा. ही गल्लत नेहमी होते, म्हणून मित्राला खाते क्रमांक देताना सोबत ८अ चाच फोटो द्या. रक्कम अगदी किरकोळ असते, कित्येकदा जाण्यायेण्याच्या भाड्यापेक्षाही कमी. तरी पावती घ्यायची. सातबारा बघायला गावाला जायची गरज नाही. सरकारच्या महाभूलेख संकेतस्थळावर तो फुकट दिसतो, आणि डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत घरबसल्या मिळतो. तो वर्षातून एकदा, फेब्रुवारीतच काढून ठेवा आणि नावं, क्षेत्र, इतर हक्क हे तीन भाग वाचा.

वारस नोंद राहिली असेल तर शिमग्यासारखी वेळ नाही. ग्रामदेवतेची पालखी घरी येते त्या दिवशी एरवी एकत्र न येणारे सगळे सहहिस्सेदार एकाच पडवीत बसलेले असतात. मृत्यूचा दाखला, वारसांची पूर्ण नावं आणि पत्ते, प्रतिज्ञापत्र आणि आधारच्या प्रती आधी जमवून ठेवा. नारळ-ओटी झाली, पालखी पुढच्या घरी गेली, की जेवायच्या आधी सह्या घ्या. जेवणानंतर अर्धी माणसं झोपतात आणि उरलेली बाहेर पडतात. नियमाप्रमाणे वारसा हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवायचं असतं. ते राहून गेलं असलं तरी अर्ज करता येतो, ई-हक्क प्रणालीवरूनही. बहिणींची नावं गाळू नका. त्यांची नावं नसलेली नोंद पुढे हरकतीत अडकते, आणि ती हरकत रास्तच असते.

पैसे कसे गोळा करावेत

गावातल्या मित्राने आधी प्रत्येकाच्या पट्टीची मागणी किती ते कार्यालयात विचारून आकडा कळवायचा, मग ज्याने त्याने तेवढीच रक्कम यूपीआयने पाठवायची. शेऱ्यात 'घरपट्टी' आणि मिळकत क्रमांक लिहायचा. नुसते पाचशे रुपये येऊन पडले की ते कुणाचे आणि कशाचे हे आठवड्याने कुणालाच आठवत नाही. एक साधी शीट करा : नाव, काम, आलेले पैसे, भरलेले पैसे, पावती क्रमांक, फोटो टाकला की नाही. रिक्षाचा आणि झेरॉक्सचा खर्च सगळ्यांत समान वाटून त्याच शीटमध्ये मांडा. मित्र संकोचाने तो मागणार नाही, म्हणून शीट लिहिणाऱ्याने स्वतःहून मांडावा. आणि शीट लिहिणारा माणूस पैसे भरणाऱ्यापेक्षा वेगळा असलेला बरा.

दुसऱ्याचा कर भरण्यासाठी आलेले पैसे हे मित्राचं उत्पन्न नाही. पण खात्यात रक्कम दिसते, म्हणून शीट आणि पावत्या जपून ठेवाव्यात. मदतीच्या पैशांचं मात्र तसं नाही. ग्रुपने मिळून एखाद्याला घराच्या कौलांसाठी किंवा आजारपणासाठी पैसे दिले, तर आयकराच्या दृष्टीने मित्र हे नातेवाईक नव्हेत. अशी भेट एका आर्थिक वर्षात सगळ्यांची मिळून ५०,००० रुपयांच्या वर गेली तर वरची रक्कमच नव्हे, सगळीच करपात्र ठरते. मदत करताना हे माहीत असावं. शक्य असेल तिथे दवाखान्याचं बिल थेट दवाखान्यात भरा, कौलांचे पैसे थेट दुकानदाराला द्या. हिशोबही सरळ राहतो.

आंब्याचे पैसे आणि १५ मार्च

"शेतीच्या उत्पन्नाला कर नसतो" हे वाक्य ग्रुपवर दर वर्षी येतं. ते अर्धंच खरं आहे. ज्याचं एकमेव उत्पन्न बागेचं आहे त्याला ते लागू. पण ज्याला पगार किंवा पेन्शनही आहे, त्याने पुढचा हिशोब करायलाच हवा. शेतीचं निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांच्या वर असेल आणि बाकीचं उत्पन्न मूळ सवलतीच्या (जिथवर करच लागत नाही त्या) मर्यादेच्या वर असेल, तर कराचा दर ठरवताना दोन्ही एकत्र धरतात.

आकड्यांत बघू. वर्ष २०२५-२६, नवी कररचना. ठाण्यात नोकरी करणाऱ्याचं प्रमाणित वजावटीनंतरचं उत्पन्न १४ लाख, आणि राजापूरच्या बागेतून खर्च वजा जाता ३ लाख. आधी १७ लाखांवर कर काढायचा : १,४०,०००. मग शेतीचे ३ लाख अधिक मूळ सवलतीचे ४ लाख, म्हणजे ७ लाखांवर कर काढायचा : १५,०००. वजाबाकी १,२५,०००. त्यावर ४ टक्के उपकर, एकूण १,३०,०००. कंपनीला बाग ठाऊक नाही. ती १४ लाखांवरचे ९०,००० आणि उपकर मिळून ९३,६०० कापते. फरक राहतो ३६,४०० रुपयांचा. हा फरक १०,००० किंवा त्याहून जास्त असला की आगाऊ कर भरावा लागतो, आणि इथेच लोक फसतात. शेवटचा हप्ता १५ मार्चला. जून, सप्टेंबर आणि डिसेंबरचे हप्ते चुकले असतील तर त्यांचं व्याज या उदाहरणात साधारण दीड हजार होतं. ते आता टळत नाही. पण मार्चही सोडून जुलैत विवरणपत्राबरोबर भरले तर व्याज सव्वातीन हजारांच्या पुढे जातं. १५ तारीख चुकली तरी ३१ मार्चपर्यंत भरलेला कर आगाऊ करातच धरला जातो, तेव्हा "आता काय उपयोग" म्हणून सोडून देऊ नका. साठी ओलांडलेल्या आणि धंद्याचं उत्पन्न नसलेल्या मंडळींना आगाऊ कर भरावा लागत नाही.

हा घोळ होतो तो हंगामामुळे. आंब्याचे बहुतेक पैसे एप्रिल-मेमध्ये येतात, म्हणजे आर्थिक वर्षाच्या अगदी तोंडाला. हिशोबाची वेळ येते पुढच्या मार्चमध्ये, आणि तेव्हा डोळ्यांसमोर असतो नवा मोहोर. २०२५-२६ साठी मोजायचे ते एप्रिल-मे २०२५ चे पैसे. मार्चमध्ये विकलेल्या पहिल्या पेट्या मात्र सरत्या वर्षात जातात. एकच हंगाम दोन वर्षांत विभागला जातो, म्हणून वहीत ३१ मार्चला रेघ मारा आणि खाली नवं पान सुरू करा.

निव्वळ उत्पन्न काढताना खर्च सोडू नका. फवारणी, खत, साफसफाई, राखणदार, काढणीची मजुरी, झेले (आंबे उतरवायच्या जाळीच्या काठ्या), पेट्या, पेंढा, टेम्पोचं भाडं, दलाली. दुकानदाराच्या बिलाचा फोटो त्याच दिवशी काढून एका फोल्डरमध्ये टाका. मजुरीची बिलं नसतात, तिथे तारीख, नाव, काम आणि रक्कम लिहून सही घ्या. सामाईक बाग असेल तर वाटणीचा साधा कागद करून प्रत्येकाने आपापला हिस्सा धरावा.

बागेतून आलेला प्रत्येक रुपया शेतीचा नसतो. काजू बी विकली तर शेती. बी भाजून, फोडून गर विकला तर प्रक्रियेचा भाग धंद्यात जातो. आंबापोळी, मुरंबा, सरबत यांचंही तसंच. दुसऱ्याच्या बागेतला झाडावरचा माल विकत घेऊन तो विकणाऱ्याचा नफा हा धंदाच. बागेतल्या खोल्या पर्यटकांना दिल्या तर ते भाडं शेतीत मोडत नाही, भोवती कितीही कलमं असोत.

भरण्याची पद्धत सोपी आहे. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर 'ई-पे टॅक्स' उघडा. लॉगिन लागत नाही. पॅन आणि ओटीपीसाठी एक मोबाईल नंबर पुरतो. म्हणजे मदत करणाऱ्या मित्राला पासवर्ड देण्याचं काहीच कारण नाही. आयकर निवडा, असेसमेंट इयर (उत्पन्नाच्या पुढचं वर्ष) २०२६-२७, प्रकार 'ॲडव्हान्स टॅक्स', कोड १००. चूक होते ती वर्षात. २०२५-२६ चा कर म्हणून लोक असेसमेंट इयरही २०२५-२६ निवडतात, आणि पैसे भलत्याच वर्षाला जाऊन बसतात. दुरुस्ती होते, पण तिची मुदत थोड्या दिवसांची असते. चलनाची पीडीएफ उतरवून घ्या आणि आठवड्याने एआयएसमध्ये (आयकर खात्याकडचं तुमच्या उत्पन्नाचं आणि कराचं वार्षिक पत्रक) नोंद आली का ते बघा. ठेवींच्या व्याजाचे आकडेही तिथेच मिळतात, पण शेवटच्या तिमाहीचे तिथे मार्चमध्ये नसतात. मुदत ठेवींचं व्याज बँकेकडूनच घ्या.

शेतीचं उत्पन्न ५,००० च्या वर असलं की विवरणपत्र 'सहज' म्हणजे आयटीआर-१ चालत नाही. निव्वळ ५ लाखांच्या वर गेलं तर जमिनीचं क्षेत्र, जिल्हा आणि पिनकोड, स्वतःची की भाड्याची, कोरडवाहू की बागायत, एवढं लिहावं लागतं. तेव्हा फेब्रुवारीत काढलेला सातबारा कामी येतो. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होतो, तरी २०२५-२६ च्या उत्पन्नाला १९६१ चाच कायदा आहे. त्यावरून ग्रुपवर घबराट पसरवू नका.

पीपीएफमध्ये वर्षाचे किमान ५०० रुपये गेलेत का, सुकन्या खात्यात २५० गेलेत का, हे ज्याने त्याने बघावं. नव्या कररचनेत ८०सी-८०डीची (गुंतवणुकीची आणि आरोग्य विम्याची) वजावट नाही, पण खातं बंद पडू द्यायचं कारण नाही.

पेटी

ग्रुपमधला बागायतदार आणि ग्रुपमधले खाणारे यांच्यात कटुता येते ती न बोललेल्या गोष्टींमुळे. मागणी देतानाच चार गोष्टी लिहून घ्या : डझन किती, फळ किती ग्रॅमचं, कोणत्या आठवड्यात, आणि भाव पोहोच की बागेवरचा. २२० ते २५० ग्रॅमच्या फळाची पाच डझनांची पेटी म्हणजे ६० फळं, निव्वळ आंबा १३ ते १५ किलो. कुणी चार डझन सांगितले आणि भाव तोच, तर फळ मोठं असायला हवं. मार्चमधला माल थोडा आणि महाग असतो. भरपूर आंबा हवा असेल तर एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्याची मागणी द्या.

चौदा आणे, म्हणजे जवळपास पूर्ण, तयार झालेलं फळ देठासकट, झेल्याने उतरवायचं. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि काळे डाग पडतात. पेटी घरी आली की त्याच दिवशी उघडा. खालचा पेंढा तसाच ठेवून फळं एका थरात मांडा, वर थोडा पेंढा पसरा. डागाळलेलं किंवा दबलेलं फळ बाजूला काढा, नाहीतर शेजारची दोन खराब होतात. हिरव्या फळाला आठ-दहा दिवस लागतात. रोज हात फिरवा. देठाजवळ मऊ लागलं आणि वास सुटला की फळ तयार. तोवर फ्रीजमध्ये ठेवायचं नाही.

साका बाहेरून कळत नाही. साल सुंदर, वास चांगला, आणि कापल्यावर बाठ्याभोवती पांढरट, स्पंजासारखा, आंबट गर. उष्णता आणि झाडावर जास्त पिकलेलं फळ ही त्याची मोठी कारणं, आणि बागायतदाराने पेटी भरताना फळाच्या आत डोकावणं शक्य नसतं. म्हणून आधीच ठरवा : पेटीत पाचापर्यंत फळं साक्याची निघाली तर तक्रार नाही, त्यापुढच्या फळांचे पैसे पुढच्या पेटीत वळते. कापलेल्या फळाचा फोटो बागायतदाराला खाजगीत पाठवा. शंभर माणसांच्या ग्रुपवर तो टाकला की एका फळामुळे त्याचा सगळा हंगाम बदनाम होतो.

ग्रुपवर काय येऊ देऊ नये

पॅन, फॉर्म १६ आणि बँकेचं पासबुक ग्रुपवर टाकायचं नाही. ज्याला द्यायचं त्यालाच खाजगीत द्या आणि काम झालं की पुसायला सांगा. आधार लागलंच तर शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क्ड आधार द्या. मार्चमध्ये 'तुमचा परतावा मंजूर झाला', 'घरपट्टीवर सूट, हे ॲप उतरवा' असे निरोप फिरतात. एपीके फाईल (मोबाईलमध्ये ॲप बसवणारी) कुणाच्याही नावाने आली तरी उघडू नका. मित्राच्या नंबरवरून आली तर मित्राला फोन करा, कारण बहुधा त्याचाच मोबाईल आधी ताब्यात गेलेला असतो. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करून तक्रार नोंदवा, मग बँकेला कळवा, आणि ॲडमिनने तो नंबर तात्पुरता ग्रुपमधून काढावा.